सर्वांत मागच्याच्या पावलानें

सहलीवर लिहावयाचें म्हणजे पहांटेचा गार वारा, आगगाडींतील गाणीं, गडावरील वनभोजन आणि शेवटीं ‘दिवस केव्हां मावळला तें कळलेंही नाहीं’ हें वाक्य, असा एक ठरीव क्रम आपल्या वार्षिकांत चालत आलेला आहे. मींही मागें एकदां तसा निबंध लिहिला होता. प्रस्तुत लेखांत सहल आहे, वसंत ऋतु आहे आणि गडही आहे. परंतु वर्णन हा त्याचा हेतु नाहीं. एका दिवसाच्या चालण्यानें माझें एक जुनें मत मुळापासून बदललें. तें कसें बदललें हें सांगून, त्यावरून मला जें योग्य वाटतें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढीच इच्छा आहे. थोडक्यांत सांगावयाचें तर माझें म्हणणें असें: शाळेच्या सहलींत जो सर्वांत मागें पडतो, त्याच्या पावलानें सर्वांनीं चाललें पाहिजे.

गेल्या चैत्रांत, पाडवा उलटल्यावरच्या पहिल्या रविवारीं, आजोबांच्या मंडळीबरोबर मी लोहगडास गेलों. गेलों म्हणण्यापेक्षां मला पाठविण्यांत आलें असें म्हणणें अधिक खरें. आजोबांच्या गुडघ्याचा भरंवसा नाहीं, सोबत कोणीतरी तरुण असावा, असा आईचा आग्रह पडला. मंडळी नऊ जणांची. त्यांत सर्वांत लहान म्हणजे बासष्ट वर्षांच्या एक मावशी. त्यांनीं उभा जन्म रुग्णांच्या शुश्रूषेंत घालविला होता. सर्वांत मोठे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक मास्तर; ते पूर्वीं चित्रकला शिकवीत असत. पुढारीपण टपालखात्यांतून निवृत्त झालेल्या एका काकांकडे होतें. महिन्याला एक गड, असा या मंडळींचा पुष्कळ वर्षांचा नेम आहे. मला मात्र तो रविवार फुकट गेला असें निघण्यापूर्वींच वाटत होतें; कारण चढण्याच्या बाबतींत माझा वर्गांत लौकिक होता, आणि म्हाताऱ्या माणसांमागें रांगत जाणें हा त्या लौकिकाला कमीपणा होता.

पहांटेच्या लोकलनें आम्ही मळवलीस उतरलों. फलाटावरच माझी पहिली फजिती झाली. मीं सदऱ्यावर सुगंधी फवारा मारला होता. मावशींनीं जवळ येऊन वास घेतला आणि विचारलें, “बाळ, दुसरा सदरा आणला आहेस का?” कारण विचारतां त्या म्हणाल्या, “या दिवसांत कड्याकपारींत आग्या मोहोळें असतात. अत्तर आणि धूर या दोहोंनीं माशा चवताळतात. एकटा तूं पळून जाशील. मास्तरांनीं कोठें पळावें?” मीं निमूटपणें सदरा बदलला. गडावर जाण्यापूर्वीं आपल्याबरोबरच्या सर्वांत दुबळ्या माणसाचा विचार करावा लागतो, हा माझा त्या दिवशींचा पहिला धडा.

दुसरा धडा काकांच्या वहींतला. त्यांनीं निघण्यापूर्वीं वेळेचा हिशेब मांडला होता. विल्यम नेस्मिथ नांवाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकानें इ. स. १८९२ मध्यें एक ठोकताळा सांगितला, तो आजही जगभर वापरतात: दर तीन मैलांस एक तास, आणि त्याखेरीज दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. आमची वाट सहा-सात किलोमीटरांची आणि चढ सुमारें चारशें मीटरांचा. त्या हिशेबानें दोन तास पुरे व्हावेत. परंतु काकांच्या वहींत चार तास लिहिलेले होते. “हा हिशेब धडधाकट माणसाचा,” ते म्हणाले. “आपल्यांत जो सर्वांत सावकाश चालतो त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. आणि चैत्राचें ऊन तापण्याच्या आंत गड गांठावयाचा, म्हणून आपण लवकर निघावयाचें. लवकर चालावयाचें नाहीं.” लवकर निघणें आणि लवकर चालणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें माझ्या ध्यानीं तोंपर्यंत आलें नव्हतें. आपण शाळेंतलीं मुलें बहुधा उशिरा निघतों आणि म्हणूनच धांवतों.

तिसरी गोष्ट चालण्याच्या रांगेची. काकांनीं आपल्या मागोमाग मास्तरांना ठेवलें, त्यांच्या मागें आजोबांना, आणि मला सर्वांच्या शेवटीं. मला तो अपमान वाटला. बलवानानें पुढें असावें ही आमची समजूत. आजोबांनीं चालतां चालतां तिचा उलगडा केला. ते म्हणाले, “हळू चालणारा मागें असला म्हणजे काय होतें तें पाहा. पुढचे लोक दम खात बसतात. तो धापा टाकीत येऊन पोंचतो, तेव्हां यांची विश्रांति झालेली असते. मग हे उठतात आणि चालूं लागतात. म्हणजे ज्याला विसाव्याची गरज नव्हती त्याला तो मिळाला, आणि ज्याला गरज होती त्याला मुळींच मिळाला नाहीं. असें दिवसभर झालें तर तो पडेल नाहीं तर काय?”

हें ऐकून मी गप्प झालों. त्याचें कारण आजोबांना ठाऊक नव्हतें. तें येथें सांगणें मला प्राप्त आहे.

गेल्या थंडींत आमच्या वर्गाची सहल दुसऱ्या एका गडावर गेली होती. पायथ्याशीं पैज लागली कीं, माथ्यावर पहिला कोण पोंचतो. पहिला मी पोंचलों. आमच्या वर्गांत दम्याचा विकार असलेला एक मुलगा आहे. तो शेवटीं राहिला. आम्ही प्रत्येक वळणावर त्याची वाट पाहात बसत असूं, आणि तो दिसला कीं ‘आला, आला, चला!’ असें ओरडून उठत असूं. यांत दुष्टपणा नव्हता. आम्हांला ती गंमत वाटे. अर्ध्या वाटेवर तो एका दगडावर बसला आणि म्हणाला, “तुम्ही जा, मी येथेंच थांबतों.” आम्ही गेलों. माथ्यावर आमचीं छायाचित्रें निघालीं. त्यांत तो नाहीं. उतरतांना तो त्याच दगडावर बसलेला आढळला. तीन तास तो तेथें एकटा होता, आणि त्याच्याजवळचें पाणी संपलेलें होतें. त्यानंतर त्यानें एकाही सहलीसाठीं नांव दिलें नाहीं. कोणीं कारण विचारलें नाहीं. मीं तर नाहींच नाहीं. आजोबांनीं सांगितलेलें तें चक्र मी स्वतः चालविलें होतें, आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती.

आम्ही द्रुतगती मार्गावरील पूल ओलांडून भाजें गांवांत शिरलों. पळसाचा भर ओसरला होता, तरी शेंड्यांवर थोडीं केशरी फुलें शिल्लक होतीं. पांगारा निष्पर्ण अंगावर लाल तुरे घेऊन उभा होता. करवंदीच्या जाळ्यांना पांढरीं फुलें आलीं होतीं, आणि त्यांचा वास दिसण्याआधीं येई. कोठेंतरी तांबट पक्षी भांड्यावर ठोके घातल्यासारखा एकसारखा ओरडत होता. मास्तर दर शंभर पावलांवर थांबत, काठीवर हात टेकीत आणि कांहींतरी दाखवीत. कुसुंबाच्या झाडाशीं ते पुष्कळ वेळ थांबले. त्याची कोंवळी पालवी तांबडीलाल असते, आणि दुरून पाहणारास झाड फुलल्याचा भास होतो. “याला लोक फूल समजतात,” मास्तर म्हणाले, “कारण ते दुरून पाहतात.” ते थांबत ते दम घेण्यासाठींच, हें मला कळत होतें; परंतु थांबण्याचा त्यांनीं जो उपयोग केला होता, तो माझ्या धांवण्याचा मला कधींही झाला नव्हता. याच ऋतूंत मी दोन गड चढलों आहें. कुसुंबाचें झाड मीं त्या दिवशीं पहिल्यानें पाहिलें.

दर अर्ध्या तासानें काका शिटी वाजवीत, आणि तहान असो वा नसो, सर्वांनीं पाणी प्यावें असा दंडक होता. मावशींनीं त्याचें कारण सांगितलें: वय वाढलें म्हणजे शरीराला पाणी कमी पडलें तरी तहानेची जाणीव मंद होते, म्हणून तहान लागण्याची वाट पाहाणें धोक्याचें.

भाजें येथील लेण्यांत आम्ही घटकाभर बसलों. हीं बावीस लेणीं इसवी सनापूर्वींच्या काळांत कोरावयास घेतलीं. तेथील चैत्यगृहाच्या छताला लांकडी फांसळ्या आहेत, आणि दोन हजारांहून अधिक वर्षें लोटलीं तरी त्या लांकडाचा कांहीं भाग अद्याप टिकून आहे. एका बाजूस लहानमोठ्या चौदा स्तूपांचा समूह आहे. मागच्या खेपेस मी येथून गेलों तेव्हां पायऱ्या खालूनच पाहून पुढें पळालों होतों, कारण लेण्यांत बसणारास पैज जिंकतां येत नाहीं.

तेथून लोहगड आणि विसापूर यांमधील गायमुख खिंडीकडे वाट चढते. खिंडींतून उजवीकडे वळलें कीं लोहगडवाडी आणि गडाच्या पायऱ्या. या गडाविषयीं येथें थोडें सांगितलें पाहिजे. शिवाजी महाराजांनीं हा गड इ. स. १६४८ च्या सुमारास घेतला, इ. स. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तो मोंगलांस द्यावा लागला, आणि इ. स. १६७० मध्यें तो पुन्हा स्वराज्यांत आला. पुढें पेशवाईंत नाना फडणविसांनीं त्याची डागडुजी केली. इ. स. २०२५ च्या जुलै महिन्यांत मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें, त्यांत लोहगड आहे. गडावर जाण्यास एकामागून एक चार दरवाजे लागतात: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वाट नागमोडी असून प्रत्येक वळण वरच्या तटावरून दृष्टीच्या टप्प्यांत राहतें, परंतु खालून चढणारास पुढचा दरवाजा दिसत नाहीं. दौडत येणाऱ्या शत्रूची दौड मोडावी, ही ती योजना.

हनुमान दरवाजाच्या आंत मास्तर थांबले. या वेळीं त्यांनीं कांहीं दाखविलें नाहीं. ते पायरीवर बसले, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाले, “बस, आजचा गड येथपर्यंत.” मावशींनीं त्यांची नाडी पाहिली आणि मान डोलावली. प्रकृतीस तसें भय नव्हतें. शक्ति संपली होती, इतकेंच. महादरवाजा तेथून हाकेच्या अंतरावर होता. मला वाटलें, आतां दोघे त्यांच्याजवळ बसतील आणि उरलेले आम्ही वर जाऊन येऊं. परंतु कोणीही उठलें नाहीं. काकांनीं वहींत वेळ लिहिली, मावशींनीं डबा सोडला, आणि गडाचा माथा तेथेंच आहे अशा थाटानें मंडळी सांवलींत पंगत करून बसली.

मला राग आला, हें मी लपवीत नाहीं. मीं आजोबांना हळूच म्हटलें, “पन्नास पावलांकरितां सगळ्यांनीं कां परतावयाचें?” आजोबा म्हणाले, “मास्तर या गडावर किती वेळां आले आहेत तें त्यांना विचार.” मीं विचारलें. मास्तर हंसले. “मोजलें नाहीं. पण वर पोंचलों नाहीं असें आज पहिल्यानेंच झालें. आणि तें शेवटचें नव्हे. यापुढें नेहमींच तसें होणार.” एवढें बोलून त्यांनीं वहीसारखी एक लहान चित्रपोथी काढली आणि समोरच्या वळणाचें रेखाचित्र काढावयास घेतलें. कोणीं त्यांचें सांत्वन केलें नाहीं. कोणीं ‘पुढच्या खेपेस नक्की’ असें खोटें सांगितलें नाहीं. ते एकटे त्या पायरीवर बसले असते, तर ती पायरी त्यांच्या पराभवाची जागा झाली असती. नऊ माणसें त्यांच्याबरोबर बसलीं, म्हणून ती जेवणाची जागा झाली. आणि मला तो दुसऱ्या गडावरचा दगड आठवला.

परत फिरणें म्हणजे हार, ही समजूत आम्हां मुलांच्या मनांत फार खोल गेलेली आहे. जपानचे यूइचिरो मिउरा यांनीं इ. स. २०१३ मध्यें, वयाच्या ८० व्या वर्षीं, एव्हरेस्टचें शिखर गांठलें. ही गोष्ट जगानें डोक्यावर घेतली. तेच मिउरा इ. स. २०१९ च्या जानेवारींत, ८६ व्या वर्षीं, दक्षिण अमेरिकेंतील अकोंकागुवा पर्वत चढावयास गेले, आणि हृदयास धोका आहे असा बरोबरच्या डॉक्टरांनीं इशारा देतांच शिखर न गांठतां परत फिरले. या दुसऱ्या गोष्टीची आठवण फारच थोड्यांना असते. माझ्या मतें धड्यांत घालावयाची असेल तर दुसरीच गोष्ट अगोदर घालावी. शिखर गांठण्यास पाय आणि छाती लागते. शिखर डोळ्यांपुढें असतां परतण्यास त्याहून कांहीं अधिक लागतें.

आतां या मतावर जे आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, स्पर्धेवांचून तरुणांचें बळ वाढत नाहीं. सर्वांनीं गोगलगाईप्रमाणें चालावयाचें ठरविलें तर धांवणाऱ्यांनीं काय करावें? मी स्वतः धांवणारा असल्यानें हा आक्षेप मला परका नाहीं. त्याचें उत्तर असें कीं, धांवण्यासाठीं मैदान आहे. तेथें आंखलेली वाट आहे, पंच आहे, आणि जो धांवत नाहीं तो शर्यतींत उतरतच नाहीं. डोंगरावर तसें नसतें. तेथें सर्वांना एकाच वाटेनें जावें आणि यावें लागतें, पाणी मोजकें असतें, आणि मागें राहिलेल्याची जबाबदारी घेणारा पंच कोठेंही नसतो. मैदानाचा नियम डोंगरावर लावणें ही आमची चूक होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सर्वांत मागच्याच्या वेगानें चाललें तर पुष्कळदां माथा गांठणेंच होणार नाहीं. मग एकाकरितां चाळीस जणांनीं मुकावें काय? यावर मी दोन गोष्टी सांगतों. एक, हिशेब अगोदर केला तर तसें क्वचित् घडतें. आम्ही त्या दिवशीं हनुमान दरवाजापर्यंत पोंचलों ते वहींतल्या वेळेच्या आंतच पोंचलों. दुसरी, कधींकाळीं मुकावें लागलें तर मुकावें. गड पुढच्या वर्षींही तेथेंच असतो. आमच्या वर्गांतील तो मुलगा मात्र पुढच्या वर्षीं आला नाहीं.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलून दाखवीत नाहीं, पण मनांत असतो: दुबळ्याला सहलीस न्यावेंच कशाला? याचें उत्तर मीं त्या दिवशीं डोळ्यांनीं पाहिलें. मास्तरांना घरीं ठेवलें असतें तर आम्ही दोन तासांत माथा गांठला असता, आणि मला कुसुंबाचें झाड कधींच दिसलें नसतें.

म्हणून आपल्या शाळेच्या सहलींविषयीं माझी विनंति आहे, ती तीन गोष्टींची. पहिली, डोंगरावरील पैज आणि तिचें बक्षीस बंद करावें. दुसरी, रांगेंत सर्वांत सावकाश चालणारास पुढाऱ्याच्या मागोमाग ठेवावें आणि सर्वांत बळकट मुलांनीं शेवट राखावा. वेळेचा हिशेब त्याच्यावरून करावा, आणि कोणासही वाटेंत एकट्यानें बसवून पुढें जाऊं नये. तिसरी, वर्षांतून एक तरी सहल घरोघरच्या आजीआजोबांबरोबर काढावी; शाळेंत ज्या विषयाला पुस्तक नाहीं, तो विषय त्यांना येतो. यांपैकीं एकाही गोष्टीस पैसा लागत नाहीं. थोडा गर्व मात्र सोडावा लागतो, आणि तो सोडणें सोपें नाहीं हें मी अनुभवानें सांगतों.

उतरतांना मीं मास्तरांची पिशवी घेतली होती. चढतांना छातीचा कस लागतो, उतरतांना गुडघ्याचा. म्हणून ते प्रत्येक पायरीवर आधीं काठी, मग पाऊल, असे उतरत. मी त्यांच्या मागें चाललों आणि त्यांच्या काठीच्या ठोक्यावर माझें पाऊल पडूं लागलें. त्या गतीनें मी पूर्वीं कधीं चाललों नव्हतों. आणि थकलोंही नाहीं.

दुसऱ्या दिवशीं शाळा सुटल्यावर मी त्या वर्गमित्राच्या घरीं गेलों. काय बोलावें हें ठरविलें होतें, तें सर्व विसरलों. शेवटीं एवढेंच म्हटलें कीं, त्या दिवशीं आम्ही चुकलों, आणि पहिला मी चुकलों. तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, “पुढच्या सहलींत रांगेंत पुढें कोण चालणार?” मीं त्याला सांगितलें, “पुढें तूं. शेवटीं मी.” तो ‘येईन’ म्हणाला नाहीं, ‘बघूं’ म्हणाला.

त्याचें ‘बघूं’ हें ‘येईन’ व्हावें कीं नाहीं, तें आतां माझ्या एकट्याच्या हातीं नाहीं. तें आपणां सर्वांच्या हातीं आहे. सहलीची सूचना फळ्यावर लागेल तेव्हां माझ्या शाळासोबत्यांनीं आणि गुरुजनांनीं या लेखाची आठवण ठेवावी, एवढें मागून मी थांबतों.